चंपाबाईच्या अंगावरचे पुरळ : एक प्रतिपादन

या पत्रांवरून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. माझी धाकटी बहीण चंपाबाई हिच्या अंगावर सन १९३७ च्या आरंभी जे पुरळ उठले, त्याचे कारण महारोग नव्हते, तंबाखू नव्हते, कोणाची करणीही नव्हती. ते कारण तिच्या ताटात होते. आणि घरातील एका माणसाच्या ते हाती लागले होते. ते माणूस मी नव्हे.

मी बेळगावात तीस वर्षे संस्कृत शिकवले. त्याआधी काशीस राहून न्यायशास्त्राचे अध्ययन केले. लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवण्याची मला सवय आहे, त्यामुळे दोन्ही बाजू येथे उपलब्ध आहेत. मधले महिने जेथे रिकामे दिसतील तेथे पत्रे नव्हतीच. मी काही गाळलेले नाही. धनपाल हा चंपाबाईचा मुलगा. निपाणीजवळ अक्कोळ येथे तंबाखूची शेती करतो. ब्राह्मी ही त्याची पत्नी. अक्काताई ही चंपाबाईची नणंद. पत्रांत बस्ती म्हणजे गावातील आमचे जैन मंदिर.

*

अक्कोळ, ता. ९ मार्च १९३७

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी धनपालचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण आईची तब्येत. महिना झाला, तिच्या दोन्ही हातांवर पुरळ आलं आहे. आधी उन्हानं लाल झाल्यासारखं दिसलं म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. आता कातडं काळं पडून पापुद्रे निघतात. मनगटाच्या वर चार बोटं, तिथंच थांबतं, हातमोजे घातल्यासारखं. तसंच पावलांवर, आणि गळ्याभोवती एक पट्टा. आग होते म्हणते, खाज फार नाही. निपाणीच्या डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलं, त्यानं काही उतार नाही.

मामा, खरी गोष्ट पुढं आहे. गावात महारोग म्हणू लागले आहेत. परवा आई विहिरीवर गेली तर मालुबाईनं आपली घागर उचलून लांब ठेवली आणि म्हणाली, "चंपाक्का, तू थांब जरा. आमचं होऊ दे, मग तुझं." काल बस्तीत उपाध्ये म्हणाले, अभिषेकाच्या कलशाला काही दिवस हात लावू नका. आई घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. वडील गेल्यापासून तिला तेवढी एक बस्तीच होती. पंच बसले तर तिला मळ्यातल्या खोपीत ठेवा म्हणतील. त्याआधी काय ते कळलं पाहिजे. तुमच्याशिवाय विचारावं असं कोणी नाही.

बाकी तुम्ही दिलेलं व्रत व्यवस्थित चालू आहे. आता तिसरं वरीस. दिवसातून एकदा मक्याची भाकरी आणि पाणी. दूध, दही, तूप, तेल, गूळ, मीठ तुम्ही सांगितल्याप्रमाणं बंद. डाळ आणि भाजी तिनं आपणहून सोडली. या एका गोष्टीपायी गाव अजून तिला मान देतं.

आपला भाचा,
धनपाल

*

बेळगाव, ता. १३ मार्च १९३७

चि. धनपाल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गावाला भय वाटते, हा पुरावा नव्हे. महारोगात त्वचेची संवेदना जाते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेव्हा प्रथम ती तपासावी. चंपाबाईस डोळे मिटण्यास सांगून पुरळाच्या जागी व निरोगी जागी आळीपाळीने सुईचे टोक लावावे आणि ती काय म्हणते ते जसेच्या तसे लिहावे. नंतर पुढील गोष्टी कळवाव्या: पुरळाची कड वस्त्राच्या कडेशी जुळते काय, तिचे हात दिवसभरात कोणकोणत्या पदार्थांस लागतात, हेच पदार्थ हाताळणाऱ्या इतर कोणास पुरळ आहे काय. मलम बंद करावे, त्याने पाहणीत घोटाळा होतो.

"हातमोजे घातल्यासारखे" हा तुझा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शरीराच्या आतून येणारा रोग अशी सीमा पाळीत नाही. सीमा पाळतो तो बाहेरून आलेला असतो. हे सूत्र धरून चालू.

व्रताविषयी वाचून संतोष झाला. मागील रविवारी पाठशाळेत मी नाव न घेता तिचे उदाहरण दिले. ज्यांनी ओळखायचे त्यांनी ओळखले.

बाबगोंडा

*

अक्कोळ, ता. २४ मार्च १९३७

ती. स्व. मामांस साष्टांग नमस्कार.

सुईची परीक्षा ब्राह्मीनं केली, माझा हात धजला नाही. आईनं डोळे मिटले. पहिल्याच टोचणीला म्हणाली, "अगं, माणूस हाय मी, गोणपाट न्हवं." दहा वेळा लावली, दहाही वेळा तिला समजलं, काळ्या जागी तर जास्तच. हे मी उपाध्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सुई तुमच्या घरची."

कड वस्त्राशी बरोबर जुळते. चोळीची बाही जिथं संपते तिथून खाली आहे, वर नाही. डोक्यावर पदर असतो, कपाळ स्वच्छ आहे. पाय अनवाणी, त्यामुळं घोट्यापर्यंत सगळं.

हाताला लागणाऱ्या गोष्टी म्हणाल तर तंबाखू. पौषापासून पानं कापून रानात वाळत घातली होती. ती उलटायचं काम आई सकाळपासून ऊन कलेपर्यंत करते. मग वाळल्या पानांची झोडपणी. शालूबाई आणि आणखी पाच बायका तिच्याबरोबर असतात. त्यांच्यापैकी कोणालाच काही नाही. शालूबाई तर म्हणाली, "माझ्या हाताला तंबाखू लागून लागून आता जर्दाबी माझ्याकडनं तलफ मागतोय."

विचारलं नाही तरी लिहितो. आईचं पोट महिनाभर बिघडलेलं आहे. जीभ लाल झाली आहे, भाकरी झोंबते म्हणते. झोप नाही. मधेच विसरते; परवा मला वडिलांच्या नावानं हाक मारली. वय सत्तेचाळीसच आहे, पण दुःखानं माणूस लवकर थकतं.

तुमच्या मागल्या पत्रातले दोन शब्द मला मास्तरांना विचारावे लागले. त्यांनाही एकच आला.

धनपाल

*

बेळगाव, ता. २९ मार्च १९३७

चि. धनपाल यास अनेक आशीर्वाद.

तुझे निवेदन स्वच्छ आहे, त्यामुळे निर्णय शक्य झाला. रीतीप्रमाणे मांडतो.

चंपाबाईचे पुरळ तंबाखूच्या स्पर्शाने झालेले आहे, ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. कारण ते उघड्या अंगावरच आहे आणि उघड्या अंगासच पान लागते, हा हेतू. जे जे केवळ उघड्या अंगावर उठते ते ते स्पर्शाने उठते. उदाहरणार्थ, बिब्बा उतू जाऊन कातडीवर पडला असता होते तसे. येथेही तसेच आहे. म्हणून हे पुरळ तंबाखूचे होय.

शालूबाईस व इतर बायकांस काही झाले नाही, हा आक्षेप तू घेतला नाहीस, परंतु तो घेता येतो. म्हणून उत्तर देतो. त्या बायका सर्व काही खातात. चंपाबाईचे शरीर तीन वर्षांच्या संयमाने सूक्ष्म झाले आहे. मळक्या वस्त्रावर डाग दिसत नाही, धुतल्यावर दिसतो.

पोट, जीभ व निद्रा यांचा प्रश्न वेगळा आहे. तो या प्रश्नात मिसळू नये. विस्मरण हे शोकाचे आहे.

उद्यापासून तिने तंबाखूस हात लावू नये, रानात जाऊ नये, घरातच राहावे. हे पत्र पंचांस व उपाध्यांस वाचून दाखवावे. व्रत चालूच राहावे. शरीर डळमळते तेव्हा मनास आधार लागतो.

बाबगोंडा

*

अक्कोळ, ता. १७ ऑगस्ट १९३७

ती. स्व. मामांस साष्टांग नमस्कार.

साडेचार महिने पत्र नाही याबद्दल क्षमा असावी, मुद्दाम थांबलो. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आईचे हात स्वच्छ झाले. वैशाखात पापुद्रे थांबले, ज्येष्ठात नवं कातडं आलं, आता गळ्यावर नुसती सावली आहे. पोटही सुधारलं, झोप लागते. गेल्या अष्टमीला उपाध्यांनी स्वतः कलश तिच्या हाती दिला. विहिरीवर मालुबाई म्हणाली, "ये की गं चंपाक्का, तुझीच वाट बघत होतो." आई मला म्हणाली, "वाट बघत होती म्हणं. चार महिनं लई दमली असंल बिचारी." ती असं बोलली म्हणजे बरी झाली हे मी ओळखलं.

तुमचं पत्र मी पंचांपुढं वाचलं होतं. बाबांनो, बेळगावात बसून ह्यास्नी दिसलं ते आम्हाला हिथं दिसलं न्हाय, असं सगळे म्हणाले.

ब्राह्मी आईची सेवा फार मनापासून करते. व्रताची भाकरी तीच थापते, दुसऱ्या कोणाला पिठाला हात लावू देत नाही. अक्काताई आत्या एकदा मदतीला गेली तर तिला चुलीपासून उठवलं, त्यावरून दोन दिवस अबोला होता. ब्राह्मीला दिवस गेले आहेत. मार्गशीर्षात माहेरी सदलग्याला जाईल.

धनपाल

*

बेळगाव, ता. २१ ऑगस्ट १९३७

चि. धनपाल यास अनेक आशीर्वाद.

कारण होते तेव्हा कार्य होते, कारण काढले तेव्हा कार्य गेले. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही सिद्ध झाले. याहून अधिक पुरावा शास्त्र मागत नाही. पाठशाळेतील विद्यार्थ्यांस अनुमानाचे उदाहरण म्हणून मी आता धूर आणि अग्नी देत नाही, हेच देतो.

सौ. ब्राह्मीस आशीर्वाद. व्रतस्थाचे अन्न एकाच हातचे असावे, हे तिला कोणी न सांगता कळले.

बाबगोंडा

*

अक्कोळ, ता. २ मार्च १९३८

ती. स्व. मामांस साष्टांग नमस्कार.

पुरळ पुन्हा आलं आहे.

आईनं वर्षभर तंबाखूच्या पानाला हात लावलेला नाही. मी शपथेवर लिहितो. यंदा मी पानं उलटायला तिला रानातसुद्धा नेलं नाही. अंगणात बसून असते, एवढंच. तरी हात, पावलं, गळा, आणि आता गालांवरही. मागच्या वर्षीपेक्षा काळं. भेगांतून पाणी येतं. पोट दिवसातून आठ-दहा वेळा. परवा भर दुपारी उठून चालू लागली, ओढ्यापाशी शालूबाईला सापडली. विचारलं तर म्हणाली, "अण्णाचं पत्र आणायला निघालतो." म्हणजे तुमचंच. घरात बोलताना ती आता पुरुषासारखं बोलते, वडील बोलत तसं.

ब्राह्मी मार्गशीर्षात सदलग्याला गेली. माघात मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तिच्यामागं स्वयंपाक अक्काताई आत्या बघते. आत्याचं म्हणणं सरळ आहे: "सून गेली आणि रोग आला. जाताना कायतरी करून ठिवल्याशिवाय असं हुतंय व्हय? चुलीजवळ कुणाला येऊ देत न्हवती ती कशापायी?" मी तिला गप्प केलं. पण रात्रंदिवस ऐकलं की माणसाच्या मनात शिरतं. म्हणून तुम्हालाच विचारतो.

आई म्हणते, व्रतात कुठं तरी कसूर झाली असंल. एक दिवसाआड निर्जळी उपवास करायची तिची इच्छा आहे. तुमची आज्ञा मागते.

धनपाल

*

बेळगाव, ता. ६ मार्च १९३८

चि. धनपाल यास अनेक आशीर्वाद.

अक्काताईचे म्हणणे ऐकण्यासारखे नाही. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण होत नाही. सुनेचे घरात असणे वा नसणे यांचा पुरळाशी संबंध जोडणे म्हणजे विचारास रजा देणे होय. तो मुद्दा येथेच संपला.

तंबाखूचे कारणत्व सिद्ध झालेले आहे; ते एका घटनेने असिद्ध होत नाही. प्रश्न इतकाच की स्पर्श कोठून झाला. उत्तर तुझ्याच पत्रात आहे: ती अंगणात बसते. तुझ्या माडीवर माल भरलेला असतो, अंगणातून त्याची ने-आण होते. हिची त्वचा आता धूळही सोशीत नाही. तेव्हा तिला माल असेल त्या घरापासून दूर, मळ्याच्या वरच्या अंगास मोकळ्या जागी खोपीत ठेवावे, स्वच्छ हवा व ऊन भरपूर मिळेल असे. लोक काय म्हणतील याची चिंता करू नये. कारण निराळे आहे हे आपणांस ठाऊक आहे.

उपवासास माझी हरकत नाही.

बाबगोंडा

*

अक्कोळ, ता. ३० मार्च १९३८

मामांस नमस्कार.

खोपीत ठेवलं. गावाला जे पाहिजे होतं ते आम्ही आपल्या हातानं केलं, असं मला वाटतं. मालुबाई वाटेत भेटली, नुसती मान हलवली. ते जास्त लागलं.

आई उन्हात बसते. तुम्ही सांगितलंय म्हणून बसते. उठ म्हटलं तर उठत नाही. अंगावर फोड आले आहेत. काल मला ओळखलं नाही, परवा ओळखलं होतं. पायांना चालायला जोर नाही.

अजून काही करायचं राहिलं असेल तर लिहा.

धनपाल

*

सदलगा, ता. १० एप्रिल १९३८

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी ब्राह्मीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. मी मराठी चौथीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आई खोपीत आहेत हे मला काल ह्यांच्या पत्रावरून कळलं. बाळंतपणात कळवलं नव्हतं. म्हणून आज लिहिते, नाहीतर जन्मभर लिहिलं नसतं.

मी आईंचं व्रत मोडलं आहे. मागल्या वर्षी तुमचं दुसरं पत्र आलं, त्याच आठवड्यापासून. सुई टोचताना त्यांचा दंड माझ्या हातात होता, मामा. त्यात काही नव्हतं. ते मनातून जाईना, म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी मक्याचं पीठ दुधात मळू लागले आणि त्यात भुईमुगाचं बारीक कूट घालू लागले. कूट मक्याच्या पिठात दिसत नाही. एकदा त्या म्हणाल्या, "औंदाचा मका गोड निघालाय गं." मी म्हटलं, व्हय. चुलीपाशी कोणाला येऊ देत नव्हते ते यासाठी. मी सदलग्याला निघाले तेव्हा अक्काताईंना हे सांगायचा धीर झाला नाही. पाप माझं, ते मी भोगीन. त्याबद्दल काही विचारत नाही.

विचारायचं वेगळंच आहे. तुम्ही तंबाखू बंद केली आणि मी दूध सुरू केलं, दोन्ही एकाच आठवड्यात. मग त्यांना बरं कशानं वाटलं हे तुम्ही कसं ठरवलं? तुम्हाला माझं माहीत नव्हतं, तेव्हा तुमचा दोष नाही. पण आता बघा. यंदा तंबाखू बंदच आहे, फक्त माझं दूध बंद झालं. आणि पुरळ आलं. शालूबाई तंबाखूत आहे आणि सगळं खाते, तिला काही नाही. आई तंबाखूत नाहीत आणि काही खात नाहीत, त्यांना आहे. मला एवढंच कळतं. ह्याच्यापुढं तुम्ही शिकलेले आहात.

हे व्रत एका वर्षाचं होतं असं आई सांगतात. वर्ष झाल्यावर त्यांनी विचारलं तर तुम्ही "पुढील पत्रात कळवतो" म्हणालात. त्या अजून वाट बघतात. तुमच्या तोंडून घेतलं ते तुमच्याच तोंडून सुटणार, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हातचं उघड दूध त्या घेणार नाहीत, मुलाच्या हातचंही नाही. तुम्ही या. पत्र पाठवू नका, मामा, या. बेळगावाहून निपाणीला सर्व्हिस मोटार आहे.

ब्राह्मी

*

बेळगाव, ता. २२ एप्रिल १९३८

चि. धनपाल यास आशीर्वाद.

हे पत्र पोचताच चंपाबाईस खोपीतून घरी आणावे. तिचे व्रत समाप्त झाले असे समजावे. दूध, ताक, डाळ, भाजी, भुईमूग जे पचेल ते थोडे थोडे द्यावे. मका देऊ नये. उपवास बंद. हे माझे सांगणे तिला वाचून दाखवावे.

बाबगोंडा

*

अक्कोळ, ता. २५ एप्रिल १९३८

मामांस नमस्कार.

तुमचं पत्र कालच आलं. मी ते आईपुढं दोनदा वाचलं. काल तिला चांगली शुद्ध होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे अण्णाचं न्हाय."

मी अक्षर दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर कुणीबी काढतंय. अण्णा कारण लिवतोय. म्हशीला वैरण टाक म्हणायचं असलं तरी का टाक ते लिवतोय. ह्यात कारण न्हाय. तुमी पोरांनी मिळून केलंय हे, मला मया दाखवायला." आणि दुधाची वाटी हातानं सरकवली, सांडू न देता.

मामा, कारण का लिहिलं नाही? तिला ते ऐकायचं होतं. मलाही.

ब्राह्मी कालच दुपारी ओल्या बाळंतिणीच्या अंगानं, मुलीला घेऊन बैलगाडीतून आली. कोणाला न विचारता आईला खोपीतून उचलून घरी आणलं. अक्काताई आत्या दारात आडवी झाली तर तिला म्हणाली, "आत्या, मी करणी केलीया. दुधाची. आता सरा बाजूला." आत्या सरली.

तुम्ही लगेच या.

धनपाल

*

येथे पत्रे संपतात. राहिलेले मी लिहितो.

ब्राह्मीचे पत्र मला १३ एप्रिलला मिळाले. तिच्या मांडणीत दोष काढता येतो का, हे मी त्या दिवशी सायंकाळपर्यंत पाहिले. काढता आला नाही. दुसऱ्या दिवशी मी छावणीतील एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलो आणि रोगी कोण हे न सांगता लक्षणे सांगितली: उघड्या अंगावरचे पुरळ, पोट, जीभ, विस्मरण. मी ज्या चार गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या त्या त्यांनी एका दमात एकत्र घेतल्या. त्यांनी विचारले, "खाते काय?" मी सांगितले. "किती दिवस?" मी म्हणालो, तीन वर्षांहून अधिक. त्यांनी टाक खाली ठेवला. ते म्हणाले, हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत परदेशी फार आढळतो. तो आतलाच असतो, ऊन त्याला फक्त कातडीवर आणते. उन्हात ठेवू नका आणि आजच्या आज पोटात दूध जाऊ द्या. मग म्हणाले, "गरिबी आहे का घरात?" मी नाही म्हणालो. "मग हे तिला कोणी सांगितले?"

मी म्हणालो, घरातील वडीलधाऱ्यांनी.

यानंतरचे आठ दिवस मी ग्रंथ चाळण्यात घालवले. २२ तारखेचे पत्र त्यानंतरचे आहे.

धनपालचे पत्र २७ ला मिळाले. त्याच दिवशी मी मोटारीने निपाणीस व तेथून गाडीने अक्कोळास पोचलो. चंपाबाई सोप्यात घोंगडीवर होती. ब्राह्मी दुधात मळलेल्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून तिच्या तोंडाशी धरीत होती. ती दोन घास घेत होती आणि पोट ते ठेवीत नव्हते. मी समोर बसून म्हणालो, "चंपे, मी आलो. व्रत पुरे झाले. हे दूध माझ्या हातून घे."

ती म्हणाली, "अण्णाचं पत्र यायचंय."

"मीच अण्णा."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, ओळख पटते आहे. मग ती ब्राह्मीकडे वळून म्हणाली, "ह्या पाव्हण्यास्नी पाट दे गं. लई लांबनं आल्यात."

ब्राह्मीने पाट दिला. मी त्यावर बसलो. तिला कारण सांगितले, सगळे सांगितले, क्रमाने, व्रत कोणी दिले व का लांबवले येथपासून. माझी बहीण गावाकडच्या रीतीने पाहुण्याचे ऐकावे तसे ऐकत राहिली. मधे एकदा म्हणाली, "असं हुय."

१ मे रोजी सकाळी ती गेली. व्रत तिच्या समजुतीने अखंड होते.

प्रतिज्ञा सिद्ध झाली. पुरळाचे कारण मी दिलेला आहार हे होय, आणि ते ब्राह्मीने शोधले. तंबाखूविषयीचे माझे अनुमान सदोष होते. परंतु ते मी खरे मानून केले होते, म्हणून त्यास मी येथे चूक म्हणून नोंदवीत नाही. तसा हिशोब पंचांनी वा इतरांनी करावा. मला जी चूक माहीत असून मी केली ती एकच आहे.

२२ एप्रिलच्या पत्रात मी हेतू, म्हणजे कारण, लिहिला नाही. हेतू मला नऊ दिवसांपासून ठाऊक होता. तो लिहिला असता तर "हे व्रत मी दिले आणि त्यानेच तू मरत आहेस" एवढे एक वाक्य लागले असते. ते वाक्य वाचून तिने माझे अक्षर ओळखले असते. त्या दिवशी तिला शुद्ध होती. मी ते गाळले ते धनपालने पंचांपुढे वाचू नये म्हणून.

चूक मान्य.

बाबगोंडा देवगोंडा पाटील
अक्कोळ, ता. २० मे १९३८